बाण, कवच आणि कापडाचे थर

इतिहासाच्या तासाला आम्ही एक वाक्य बरीच वर्षे सांगत आलो. प्राचीन भारतीय धनुर्धराच्या बाणापुढे ढाल, छातीवरचे कवच किंवा त्याहूनही मजबूत असे काहीच टिकत नसे, असे एरियन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे. स्तुती परक्याने केलेली असली की तिला वजन येते. ते वाक्य ऐकून वर्ग खूश होई आणि आम्हीही.

भिवंडीतल्या आमच्या वर्गात एकदा एका मुलाने विचारले, "सर, बाण सगळ्यातून आरपार जात होता, तर मग राजे कवच घालायचेच कशाला?" त्या दिवशी "मानासाठी, शोभेसाठी" असे काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर खोटे आहे हे देतानाच आम्हाला कळत होते. कवच जड असते, महाग असते, उन्हात अंग भाजून काढते. केवळ शोभेसाठी हजारो वर्षे कोणी ते अंगावर वागवणार नाही. ते राहून गेलेले उत्तर आज देण्याचा प्रयत्न करत आहोत. त्यासाठी आधी त्या वाक्याचीच तपासणी करायला हवी.

साक्षीदार कोण?

एरियन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. अलेक्झांडरची भारतातील स्वारी इ.स.पू. ३२६ च्या सुमाराची. म्हणजे दोघांत साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. एरियनचा आधार होता नीआर्कस हा अलेक्झांडरचा नौदलप्रमुख. त्याने भारत प्रत्यक्ष पाहिला होता, पण त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. वर्णन मात्र तपशीलवार आहे. धनुष्य माणसाच्या उंचीचे, त्याचे एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबायचे आणि दोरी खूप मागे खेचायची. बाण तीन हातांहून थोडा कमी. हे सारे डोळ्यांनी दिसणारे आहे, म्हणून विश्वास ठेवण्याजोगे आहे. 'काहीच टिकत नसे' हा भाग मात्र निरीक्षणाचा नव्हे, निष्कर्षाचा आहे. निरीक्षण आणि निष्कर्ष यांतला हा फरक प्रयोगवहीत मुलांकडून आपण काटेकोरपणे पाळून घेतो. इतिहासाच्या पुस्तकात तो सोडून का द्यावा?

गंमत म्हणजे या निष्कर्षाविरुद्धचा पुरावा एरियननेच दिला आहे. झेलमच्या लढाईत पोरस राजा हत्तीवरून लढत होता. त्याचे कवच इतके मजबूत आणि अंगाबरोबर बसणारे होते, की अंगावर आलेली अस्त्रे त्याने अडवली. उघड्या असलेल्या उजव्या खांद्यावर मात्र जखम झाली, असे एरियन सांगतो. दुसरीकडे, मल्लांच्या किल्ल्यात अलेक्झांडर एकटाच आत उडी मारून उतरला, तेव्हा एक बाण त्याच्या कवचातून छातीत घुसला आणि तो मरता मरता वाचला. कवचाने बाण अडवला आणि बाणाने कवच भेदले, अशा दोन्ही घटना एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात आहेत. शिवाय झेलमच्या काठी पावसाने जमीन निसरडी झाली होती आणि लांब, जड धनुष्ये टेकवायला भारतीयांना पक्का आधार मिळेना, असे कर्टियस या रोमन लेखकाने लिहिले आहे. तेच धनुष्य, तोच बाण. चिखल झाला आणि परिणाम बदलला.

आपल्याकडचा पुरावा तर अधिक बोलका आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाने काय काय साठवावे याची यादी आहे. बाणांची टोके लोखंडाची, हाडाची, लाकडाची. आणि त्यांची कामे तीन : छेदन, भेदन आणि ताडन. त्याच यादीत लोहजालिका, पट्ट, कवच, सूत्रक अशी अंगत्राणांची नावे येतात. गेंडा, हत्ती, गाय अशा प्राण्यांचे कातडे, खूर व शिंगे यांपासून केलेली अंगत्राणेही येतात. बाणापुढे काहीच टिकत नसते, तर हिशेबी कौटिल्याने हा खर्च मांडलाच नसता. आणि कवच अभेद्य असते, तर त्याने बाणांच्या टोकांचे प्रकार पाडले नसते. एकाच कोठारात दोन्ही आहेत, याचा अर्थ ही स्पर्धा चालू होती.

ऊर्जेचा हिशेब

आता हाच प्रश्न विज्ञानाच्या तासाला नेऊ. सुमारे २५ किलो वजनाएवढा जोर लावून ओढावे लागणारे धनुष्य घ्या. हा जोर शेवटच्या क्षणाचा, साधारण २५० न्यूटन. ओढायला सुरुवात करताना तो शून्य असतो. म्हणून सरासरी १२५ न्यूटन धरू. दोरी ६० सेंटिमीटर मागे खेचली, तर धनुष्यात साठलेली ऊर्जा १२५ × ०.६ = ७५ ज्यूल. ती सगळी बाणाला मिळत नाही. काही धनुष्याच्या पात्यांत आणि दोरीतच राहते. ६० टक्के मिळाली असे मानले, तर बाणाजवळ ४५ ज्यूल येतात. ४० ग्रॅमचा बाण सेकंदाला ४५ मीटर वेगाने निघाला, तर त्याची गतिज ऊर्जा साधारण ४० ज्यूल भरते. दोन्ही हिशेब जवळजवळ जुळतात. पुढे हवेच्या विरोधाने ही ऊर्जा दर मीटरला थोडी थोडी घटत जाते. मल्लांच्या किल्ल्यातला बाण जवळून आला होता हे इथे लक्षात ठेवावे.

पण ऊर्जा ही निम्मीच गोष्ट. ती किती क्षेत्रफळावर पडते हे तितकेच महत्त्वाचे. रुंद पात्याचा बाण उघड्या अंगावर मोठी जखम करतो, पण कवचावर त्याचा जोर पसरतो. बारीक, सुईसारखे टोक कवचात शिरते, पण जखम लहान करते. छेदन आणि भेदन वेगळे का, ते इथे कळते. तिसरी गोष्ट कोनाची. पत्र्यावर बाण सरळ न येता लंबाशी ६० अंशांचा कोन करून आला, तर त्याला दुप्पट जाडीतून वाट काढावी लागते. म्हणूनच चांगले छातीकवच सपाट नसते, फुगीर असते. बाण त्यावरून घसरतो.

२०१९ साली इंग्लंडमध्ये टॉड टॉडेश्चिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४१५ च्या अजिंकूरच्या लढाईच्या काळातले छातीकवच बनवून त्यावर १६० पौंड ओढीच्या धनुष्याने बाण मारले. आपल्या हिशेबातल्या धनुष्याच्या जवळजवळ तिप्पट ओढ. तरीही पोलादी छातीपत्रा भेदला गेला नाही. फुटलेल्या बाणांचे तुकडे मात्र वर गळ्याच्या दिशेने उडाले. म्हणजे कवच टिकले तरी ते घालणारा निर्धास्त नव्हता. पोरसच्या खांद्याची गोष्ट वेगळ्या रूपात पुन्हा दिसते.

कापड बाण अडवते?

इथवर वर्ग पटकन येतो. कापडाच्या कवचाचे नाव काढले की मात्र मुले हसतात. आमच्या गावात घरोघरी कापड दिसते. यंत्रमागांचा खडखडाट ऐकतच मुले मोठी होतात. त्यामुळे कापडाचे त्यांना अप्रूप नाही. हेरोडोटसने इ.स.पू. ४८० च्या इराणी फौजेतले भारतीय सैनिक वर्णिले आहेत, ते सुती कपडे घातलेले आणि वेताची धनुष्ये घेतलेले. ते अर्थात साधे कपडे होते. पण थरावर थर दिले की कापडाचा स्वभाव बदलतो. प्लुटार्क सांगतो, की गौगामेलाच्या लढाईत, इ.स.पू. ३३१ मध्ये, खुद्द अलेक्झांडरने दुहेरी तागाच्या कापडाचे कवच घातले होते. ११९१ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याने चाललेले युरोपीय पायदळ बहाउद्दीन या अरबी इतिहासकाराने पाहिले. जाड नमद्याचा अंगरखा आणि त्याला जोड लोखंडी कड्यांचे चिलखत. पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले सैनिक शांतपणे चालत होते, असे तो लिहितो. हा साक्षीदार शत्रुपक्षाचा आहे, हे विशेष.

कारण धाग्यात आहे. टोक आत शिरू लागले की ताणा आणि बाणा दोन्ही ताणले जातात, एकमेकांवर घासतात आणि जोर आजूबाजूच्या धाग्यांत वाटून देतात. प्रत्येक थर बाणाची थोडी थोडी ऊर्जा खातो. लढाईतला बाण मागावरच्या बाण्याने अडवावा, हा आपल्या भाषेतला योगायोगही मुलांना आवडतो! मात्र टोकाला धार असेल तर ते धागे ताणत बसत नाही, कापत जाते. आजही गोळी अडवणारे जाकीट सुरी अडवेलच असे नसते, त्याचे कारण हेच.

एक पुस्तक, एक तक्रार

याच विषयावर ग्रेगरी अल्ड्रेटी, स्कॉट बार्टेल आणि अलिशिया अल्ड्रेटी यांचे 'रिकन्स्ट्रक्टिंग एन्शंट लिनन बॉडी आर्मर' हे पुस्तक २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी त्याची माहिती करून घ्यावी, कारण त्याचे मूळ एका विद्यार्थ्याच्या हौसेत आहे. बार्टेलने चित्रात पाहून अलेक्झांडरसारखे कापडी कवच स्वतःसाठी बनवले आणि त्यातून प्राध्यापकांचे संशोधन उभे राहिले. तागाच्या कापडाचे थर सरसाने चिकटवून त्यांनी सुमारे एक सेंटिमीटरहून थोडी अधिक जाडी गाठली. ते इतके कडक झाले की कात्री हरली आणि शेवटी विजेची करवत आणावी लागली. असे कवच त्या काळच्या बाणांपासून चांगले संरक्षण देते, हा त्यांचा निष्कर्ष पटण्यासारखा आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. असे एकही प्राचीन ग्रीक कवच आज शिल्लक नाही. थर चिकटवलेले होते, की गोधडीसारखे टाचलेले, हे चित्रांवरून ठरत नाही. प्रयोगाने सिद्ध होते ते इतकेच, की चिकटवलेले कवच चालू शकते. ते तसेच होते, हे नव्हे. शिवाय आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत प्राण्यांपासून केलेला सरस मऊ पडतो. इथे टाचलेले थरच अधिक शहाणपणाचे ठरावेत, असे आम्हाला वाटते. पण हाही तर्कच, आणि तर्क तपासता येतो.

करून पाहा

दोन मीटर लांबीचा नळ उभा बांधा. खाली ओल्या शाडूचा थर आणि त्यावर कापडाचे थर ठेवा. एक किलो वजनाची, टोक काढलेली लोखंडी कांब नळातून सोडा. तिची ऊर्जा साधारण २० ज्यूल, म्हणजे आपल्या बाणाच्या निम्मी. किती थरांनंतर शाडूवर भोक पडायचे थांबते ते मोजा. मग तेच थर टाचून, खळ लावून वाळवून आणि पाण्यात भिजवून पाहा. खळ लावणे म्हणजे काय, हे सायझिंगमध्ये काम करणाऱ्या पालकाने वर्गात येऊन सांगावे. त्या तासापुरते शिक्षक तेच. कांब शिक्षकांनीच सोडावी आणि मुलांनी दूर उभे राहावे.

या प्रयोगाचा दोषही मुलांना शोधू द्या. सेकंदाला सव्वासहा मीटर वेगाने पडणाऱ्या कांबेचा संवेग बाणाच्या तिपटीहून जास्त आहे. ऊर्जा निम्मी, पण संवेग तिप्पट. मग ही तुलना कितपत न्याय्य? या प्रश्नावर एक तास सहज जाईल, आणि तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

एरियनचे वाक्य आम्ही यापुढेही वर्गात सांगू. पूर्वजांच्या धनुर्विद्येचे कौतुक त्याने कमी होत नाही. फक्त त्याला जोडून पोरसचे कवच, झेलमचा चिखल आणि कौटिल्याची यादीही सांगू. त्या मुलाला द्यायचे उत्तर तसे लहान आहे : बाण कधी आरपार जात असे, कधी नाही, किती अंतरावरून, कोणत्या टोकाचा, कोणत्या कोनात आणि कशावर, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. कवच घालणाऱ्याला ते 'कधी नाही' पुरेसे होते. आता तो शाळा सोडून गेला आहे. त्याच्या बाकावर बसणाऱ्यांना तरी हे उत्तर वेळेवर मिळावे.