शोधयंत्राचे भाष्यकार

ज्या शास्त्राचें मूळ सूत्र कोणाच्याहि दृष्टीस पडलेलें नाहीं, त्यावर भाष्यें मात्र हजारों निघालीं आहेत, असा चमत्कार पहावयाचा असल्यास वाचकांनीं 'एसईओ' या नांवानें प्रसिद्ध होणारें उपदेशवाङ्मय एकवार चाळून पहावें. ब्लॉग लिहिणारानें किंवा संकेतस्थळ चालविणारानें काय केलें असतां गूगलसारख्या शोधयंत्राच्या उत्तरांत आपलें पान वरच्या ओळींत येईल, हें सांगणें हा या वाङ्मयाचा हेतु. त्यांत पुस्तकें आहेत, शिकवण्या आहेत, चित्रफिती आहेत, आणि थोड्याच दिवसांत पहिल्या पानावर नेऊन बसविण्याचीं अभिवचनेंहि आहेत. असल्या व्यापारी विषयाची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, आज मराठींत जें माहितीपर गद्य लिहिलें जातें त्यांतील बराच भाग या उपदेशकांच्या धाकाखालीं लिहिला जात आहे. ज्या उपदेशानें भाषेचें वळण बदलतें, तो टीकाकाराच्या हद्दीबाहेरचा मानतां येत नाहीं.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, आपण लिहिलेलें वाचकाच्या हातीं पडावें ही इच्छा हीन नव्हे. ग्रंथालयांत पुस्तक आहे पण सूचींत त्याची नोंद नाहीं, तर तें असून नसल्यासारखें. आणि आजच्या वाचकाची सूची म्हणजे शोधयंत्र. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघां विद्यार्थ्यांनीं ज्या कल्पनेवर गूगलची उभारणी केली, ती तर विद्वानांच्या व्यवहारांतूनच उचललेली होती. ज्या ग्रंथाचा आधार इतर ग्रंथकार वारंवार घेतात, व त्यांतहि जे स्वतः मान्यता पावलेले ते घेतात, तो ग्रंथ वजनदार. त्याच न्यायानें ज्या पानाकडे इतर पानें दुव्यानें बोट दाखवितात तें पान वरचें. (याच दोघांनीं त्या सालच्या आपल्या निबंधांत, जाहिरातींवर पोसलेलीं शोधयंत्रें जाहिरातदारांकडे झुकल्यावांचून राहणार नाहींत अशी शंकाहि बोलून दाखविली होती. ती आज वाचतांना मौज वाटते.) कल्पना सुंदर होती. परंतु दुव्याला वजन आहे हें कळतांच दुवा ही बाजारांत विकावयाची वस्तु झाली. परक्याच्या लेखाखालीं अभिप्रायाच्या मिषानें आपल्या दुकानाचा पत्ता चिकटवून जाण्याचा उपद्रव इतका वाढला कीं, असल्या दुव्यांस वजन न देण्याची एक खूण २००५ च्या जानेवारींत गूगलला काढावी लागली. २००६ सालीं बीएमडब्ल्यू या मोटारींच्या कारखान्याचें जर्मन संकेतस्थळ, यंत्रास एक पान व माणसास दुसरें पान दाखविल्यावरून, थोडे दिवस सूचींतून काढून टाकण्यांत आलें. २०११ सालीं जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानदारांच्या पानांकडे बोट दाखविणारे विकतचे दुवे न्यूयॉर्क टाइम्सनें उघडकीस आणले. त्याच वर्षीं 'पांडा' व पुढच्या वर्षीं 'पेंग्विन' अशीं गोजिरवाणीं नांवें धारण करणारे दोन फेरफार झाले, आणि उथळ मजकुराचीं व विकतच्या दुव्यांवर जगणारीं पानें धडाधड खालीं गेलीं. यंत्राला फसविण्याची विद्या आणि यंत्रानें न फसण्याची विद्या यांची ही शर्यत आजहि चालू आहे, व तिची जी धूळ उडते तींतच उपदेशकांचें दुकान मांडलेलें असतें.

मूळ सूत्र गुप्त असलें तरी सूत्रकारानें स्वतः लिहिलेली एक लहानशी पोथी उपलब्ध आहे, ही गोष्ट भाष्यकार सहसा मोठ्यानें सांगत नाहींत. नवशिक्यांकरितां लिहिलेली गूगलची ही मार्गदर्शिका २००८ सालीं प्रथम निघाली. २०२४ सालीं तिला कात्री लावून ती आणखी आटोपशीर करण्यांत आली. ती फुकट आहे, आणि एका दुपारीं वाचून होते. तिच्यांतील विधायक भाग इतका साधा आहे कीं, कोणाहि जुन्या मुद्रकास तो नवा वाटला नसता. मथळा पानांत काय आहे तें सांगणारा असावा. दुवा देतांना तो कशाचा आहे तें शब्दांनीं कळावें. चित्राला वर्णन जोडावें. यंत्रास पान वाचतां येईल असें तें ठेवावें. खरी गोडी आहे ती कशाची चिंता करूं नये हें सांगणाऱ्या भागांत. कीवर्डांची यादी पानाच्या पोटांत लपवून ठेवण्याचा प्रघात व्यर्थ आहे, हें तर गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें होतें. लेखास किमान शब्दसंख्या नाहीं, कमालहि नाहीं. उपमथळे किती व कोणत्या क्रमानें असावेत यास यंत्राच्या दृष्टीनें महत्त्व नाहीं. अनुभव, तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता या चार गुणांचें जें स्तोत्र उपदेशक गातात, तो क्रम ठरविणारा घटक आहे ही समजूतहि तेथें चुकीची ठरविली आहे. असें असतांना अमुक हजार शब्दांचा लेख, शंभर शब्दांत अमुक वेळां कीवर्ड, पहिल्या परिच्छेदांत कीवर्ड, शेवटच्या परिच्छेदांत कीवर्ड, हा पाठ अद्याप शिकविला जातोच!

मग हा पाठ टिकतो कसा? नवस टिकतो तसा. पान आज सुधारावें, परिणाम दोन महिन्यांनीं दिसावा, मधल्या काळांत यंत्राचे नियम बदलावेत, प्रतिस्पर्ध्याचें पान बंद पडावें, एखादा सण यावा. आणि शेवटीं क्रम चढला तर श्रेय कीवर्डाला, उतरला तर दोष शिष्याच्या आळसाला. तथापि सूत्रकाराचा प्रत्येक शब्द वेदवाक्य मानावा असेंहि आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यांत २०२३ सालीं ज्या साक्षी झाल्या, त्यांतून शोधणारे लोक कोणत्या उत्तरावर क्लिक करितात याचा उपयोग क्रम लावण्याकडे होतो हें बाहेर आलें. आणि २०२४ च्या ऑगस्टांत, शोधाच्या क्षेत्रांतील आपली मक्तेदारी गूगलनें बेकायदेशीर रीतीनें टिकविली, असा निर्णय न्यायालयानें दिला. तेव्हां भाष्यकारांचा संशय सर्वस्वी निराधार नाहीं, इतकें त्यांच्या पदरांत टाकणें प्राप्त आहे. स्वतः प्रयोग करून त्याचे आंकडे उघड मांडणारेहि त्यांच्यांत कांहीं आहेत. त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं.

आमचा खरा तंटा निराळाच आहे. हा सगळा उपदेश इंग्रजी भाषेच्या पोटीं जन्मला. इंग्रजींत नाम वाक्यांत कोठेंहि ठेवलें तरी त्याचें रूप बहुधा तेंच राहतें. म्हणून शब्द मोजण्याचा नियम तेथें निदान संभवतो. मराठींत 'घोडा' मोजूं जावें तर 'घोड्यास', 'घोड्यानें', 'घोड्यांच्या' अशीं रूपें भेटतात. 'पाणी' हें 'पाण्यांत' शिरलें कीं मोजणाराच्या हातून निसटतें. यावर उपाय दोन. मोजणें सोडावें हा एक, आणि विभक्ति सोडावी हा दुसरा. आमच्या लेखकांनीं दुसरा पत्करला. 'गुळवेल फायदे मराठी', 'पुरणपोळी रेसिपी मराठी' अशा मथळ्यांत शब्द नुसते एकापुढें एक उभे असतात. त्यांना जोडणारा प्रत्यय नाहीं, क्रियापद तर नाहींच. शोधणारा घाईघाईनें असेच शब्द टंकतो हें खरें. पण गिऱ्हाईक तुटक बोललें म्हणून वाण्यानें आपला जमाखर्चहि तुटक लिहावा, असें कोठें आहे?

मथळ्यामागून लेख येतो. 'नमस्कार मित्रांनो, आजच्या या लेखामध्यें आपण गुळवेलचे फायदे पाहणार आहोत. गुळवेलचे फायदे अनेक आहेत. तर चला मग, गुळवेलचे फायदे काय आहेत तें जाणून घेऊं या.' हा नमुना आम्हींच बनविला आहे, परंतु वाचकांस तो ओळखीचा वाटला नाहीं तरच आश्चर्य. तीन वाक्यें झालीं, ज्ञान शून्य. आणि 'गुळवेलीचे' हें शुद्ध मराठी रूप येथें कसें बळी पडलें आहे तेंहि पहावें. कीवर्डास धक्का लागूं नये म्हणून नामाचें सामान्यरूपच होऊं द्यावयाचें नाहीं! पाल्हाळ मराठी निबंधास नवें नाहीं; शाळेंत पानें भरण्याची संवय आपणां सर्वांनाच लागलेली असते. पण तें पाल्हाळ परीक्षकाचें मन वळविण्याकरितां असे. येथें ज्यास मनच नाहीं त्याचें मन वळविण्याची खटपट चालली आहे.

उलट मराठी लिहिणारास ज्या गोष्टी खरोखर सांगावयास हव्यात, त्या या उपदेशांत क्वचितच आढळतात. युनिकोडापूर्वींच्या फॉंटांत टंकलेला मजकूर यंत्रास देवनागरी म्हणून वाचतां येत नाहीं. कित्येक चांगले जुने लेख केवळ एवढ्याच कारणानें शोधणारास सांपडत नाहींत. पाककृति किंवा कविता चित्राच्या रूपानें लावली तर तिचीं अक्षरें शोधांत येतीलच असा भरंवसा नाहीं. मराठी माणूस पुष्कळदां रोमन अक्षरांत मराठी टंकून शोधतो. पानाचा पत्ता देवनागरींत खुशाल ठेवतां येतो. मात्र तो नकलून दुसरीकडे चिकटविला म्हणजे टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसते व वाचक बिचकतो. इतक्या चार ओळींत जितकें हित आहे, तितकें कीवर्ड मोजण्याच्या एका संबंध वर्गांत नसेल.

सर्वांत मोठी हानि होते ती विषयाच्या निवडींत. समजा, सासवडच्या बाजूस अंजिराची बाग असलेला एक शेतकरी आहे. खट्टा बहार धरावा कीं मीठा, पाणी केव्हां तोडावें, छाटणीस उशीर झाला तर काय होतें, हें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे, व तें लिहून ठेवावें असें त्याच्या मनांत येतें. तो उपदेशकाकडे जातो. उपदेशक आपलें मोजण्याचें साधन उघडून दाखवितो कीं, खट्टा बहार शोधणारे थोडे, 'अंजीर खाण्याचे फायदे' शोधणारे फार. शेतकरी दुसरा विषय घेतो, पन्नास पानांवरून फायदे उतरवून काढतो, आणि एकावन्नावें पान तयार होतें. ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं होतें, त्यानें तें न सांगतां इतरांनीं सांगितलेलें पुन्हां सांगितलें. आणि हें त्यानें आळसानें केलें नाहीं, मोठ्या कष्टानें व बहुधा फी भरून केलें.

आतां तर या एकावन्न पानांचाहि आधार सुटत चालला आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून भारतांतहि गूगल कित्येक प्रश्नांना सर्वांच्या वर, कृत्रिम बुद्धीनें जुळविलेलें उत्तर स्वतःच देऊं लागला आहे. अंजीर खाण्याचे फायदे असल्या उत्तरांत दोन ओळींत मिळूं शकतात. मग पानावर कोण जातो? उपदेशकांनीं यावरहि नवीं नांवें काढून नवे वर्ग उघडले आहेत. त्यांची परीक्षा पुन्हां केव्हां तरी. खट्टा बहाराचा लेख मात्र त्या शेतकऱ्यानें अजून लिहावा. 'पुरंदरांतील अंजिराचा खट्टा बहार: माझ्या बागेंतील तीन वर्षांच्या नोंदी' असा मथळा द्यावा, षष्ठीला भिऊं नये, आणि छाटलेल्या फांदीचें छायाचित्र लावील तर तें कोणत्या महिन्यांतलें हें त्याखालीं लिहावें.