शाहीर अर्धा का उरतो?

कवी गेला की त्याच्या कवितांचे संपादन सुरू होते. शाहीर गेला की त्याची मिरवणूक सुरू होते. यात शाहिराचा मान कमी होतो असे मुळीच नाही. उलट, ज्याची मिरवणूक निघते तो लोकांच्या काळजात अधिक खोल गेलेला असतो. पण मिरवणुकीत एक धोका असतो. तिच्यात माणूस उंच जातो आणि आवाज खाली राहतो. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या मरणोत्तर कीर्तीकडे पाहताना हा विचार मनाला वारंवार टोचतो, म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर तो रसिक वाचकांपुढे ठेवीत आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा. शाळा जवळजवळ नाहीच. बापाचे बोट धरून मुंबईला आले, गिरणीत राबले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजी गेले. एवढ्या आयुष्यात त्यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. पण लेखणीच्या आधी हातात डफ होता. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या तिघांचे गाणे म्हणजे बैठकीचे गाणे नव्हे. गिरणीच्या दारात, चाळीच्या पटांगणात, पाच-दहा हजारांच्या गर्दीला पुरेल असा तो आवाज होता. सरकारला तो सोसला नाही. त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी आली, तमाशावरही आली. तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव देऊन तो पुन्हा उभा केला. गण त्यांनी ठेवला, पण त्यात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि तिच्यासाठी खपलेल्यांना वंदन केले. बाटली जुनी ठेवून औषध बदलण्याचा हा प्रकार नव्हता; पहिला नमस्कार कोणाला करायचा, हाच त्यांच्या कलेतला मूळ प्रश्न होता.

आता त्यांच्या मृत्यूनंतरचा काळ पाहा. आमच्या पुण्यात सारसबागेजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या नावाचे सभागृह आहे. १ ऑगस्टला पुतळ्याभोवती रस्ता फुलून जातो. हार, फलक, ढोल, आणि छातीत धडधड उठविणारे ध्वनिक्षेपक. सभ्य पुणेकर या दिवशी खिडक्या लावून घेतात आणि 'हे काय शाहिराचे स्मरण?' असे विचारतात. या प्रश्नात थोडे तथ्य आहे आणि पुष्कळसा सोयीस्करपणा आहे. ज्यांच्या वस्तीला शतकानुशतके गावाच्या मिरवणुकीत शेवटची जागा होती, किंवा नव्हतीच, त्यांनी आपला एक माणूस पुढे घालून शहराच्या मधोमध चालावे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. आणि आवाजाचेच म्हणाल, तर अण्णाभाऊंचा डफही त्या काळच्या सभ्य कानांना गोंगाटच वाटला होता. तेव्हा माझी तक्रार आवाज मोठा असल्याची नाही. त्या आवाजात अण्णाभाऊ किती, एवढेच मला विचारायचे आहे.

सरकारनेही त्यांना मागे ठेवलेले नाही. १ ऑगस्ट २००२ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे चार रुपयांचे तिकीट काढले. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोत, ज्या देशाचे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले त्या देशात, त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. स्वातंत्र्य मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९४७ ला, हे स्वातंत्र्य गरिबाचे नव्हे असे सांगत मुंबईच्या रस्त्यावर उतरणाऱ्या शाहिराचा चेहरा त्याच स्वतंत्र देशाच्या पत्रांवर चिकटला! हा उपरोध नाही, राष्ट्राचा मोठेपणाही असू शकेल. मात्र तिकिटावर चेहरा येतो, गाणे येत नाही.

चित्रपटसृष्टीचे काय? तिने अण्णाभाऊंवर भरपूर प्रेम केले. 'वैजयंता' १९६१ साली आला, 'फकिरा' १९६३ साली, 'वारणेचा वाघ' १९७० साली. पण बारकाईने पाहिले तर पडद्याने कादंबरीकार उचलला, शाहीर नाही. हे स्वाभाविकही आहे. फकिराचा घोडा आणि तलवार पडद्यावर शोभून दिसतात. पण लोक भुकेने मरत असताना धान्य लुटणे हे पाप की पुण्य, हा कादंबरीचा खरा पेच आहे. आणि तो अण्णाभाऊ ज्या ठामपणाने सोडवितात त्यामागे लाल बावट्याचा शाहीर उभा आहे. तो शाहीर वेगळा काढला की फकिरा केवळ शूर उरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अण्णाभाऊंचे सर्वांत लोकप्रिय गीत म्हणजे 'माझी मैना' ही छक्कड. विठ्ठल उमपांच्या खड्या गळ्याने ती घरोघर नेली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो. तिचे रूप, तिचा निरोप, त्याची तगमग हे सारे आपल्याला ठाऊक असते. माझ्या वर्गातील मुलांना विचारा, शिक्षकांच्या खोलीत विचारा. गाणे माहीत नाही असा क्वचित. पण ते संपते कुठे, हे सांगणारा त्याहून क्वचित! कारण छक्कड विरहावर संपत नाही. शेवटाकडे शाहीर अचानक वळतो आणि म्हणतो की जी गत माझी आणि मैनेची, तीच या तुटलेल्या महाराष्ट्राची. आणि मग बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे येतात. ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे गाणे आहे.

कलेच्या दृष्टीने सारी किमया त्या वळणात आहे. आधी श्रोत्याचा गळा दाटून आणायचा, त्याच्या घरातले दुःख त्याच्या ओंजळीत द्यायचे, आणि मग हळूच सांगायचे, 'बाबा, हे तुझ्या एकट्याचे नाही.' नकाशावरची रेघ बायकोच्या डोळ्यातल्या पाण्याने समजावून देणारा असा दुसरा कवी मला तरी ठाऊक नाही. वळण गाळले तरी उरते ते सुंदर विरहगीत. पण तसे विरहगीत आणखीही कोणी लिहिले असते. शाहीर होता तो वळणापुढच्या अर्ध्या भागात, आणि नेमका तोच अर्धा आपण टाकून दिला.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. इंग्लंडात १९७० नंतरच्या दशकात 'पंक' नावाचे कर्कश, बंडखोर गाणे उठले. त्यातल्या 'द क्लॅश' या नामांकित मंडळींचे एक गाणे १९९१ साली विजारींच्या जाहिरातीत वाजले आणि तेव्हा कुठे ते त्या देशात पहिल्या क्रमांकावर गेले! बाजार बंडखोराला मारीत नाही, त्याचा सोपा भाग निवडून घेतो. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील जो हिल या मजूर-गायकाचे. १९१५ साली त्याला गोळ्या घालून देहदंड दिला. पुढे त्याच्यावर एक गाणे झाले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये, अण्णाभाऊ जाऊन महिनाच झाला होता तेव्हा, वुडस्टॉकच्या प्रचंड मेळ्यात जोन बाएझने ते गायिले. चोपन्न वर्षांनीही त्या गाण्यात संप होता, मालक होता, गोळीही होती. म्हणजे लोकप्रिय होऊनही शाहीर अख्खा उरू शकतो, उरविणारे हवेत.

उरविणारे कोण? पुतळा बांधणारे नव्हेत आणि त्या पुतळ्याला नाके मुरडणारेही नव्हेत. पहिल्यांनी चेहरा जपला, दुसऱ्यांनी तोही जपला नसता. गाणे जपायचे असते ते गळ्याने, आणि गळे घराघरांत आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत एक तास ध्वनिक्षेपक बंद ठेवून एका पोराच्या हाती डफ द्यावा, शाळेने स्नेहसंमेलनात 'माझी मैना' बसविताना शेवटची कडवी 'राजकारण नको' म्हणून कापू नयेत, एवढ्यानेही पुष्कळ होईल. बेळगावचा प्रश्न कोणी कसा सोडवावा, हा इथे वादाचा विषय नाही. कवीने काय म्हटले ते पुरते ऐकून घ्यावे, मग हवे तर वाद घालावा. ऐकण्याआधी कापू मात्र नये.

दिवाळीच्या दिवसांत घरी पाहुणे जमतात, कोणीतरी गाणे लावतो, आणि मैनेची चाल निघाली की म्हातारेही ताल धरतात. वाचकहो, यंदा ती चाल निघाली तर विरहापाशी टाळ्या वाजवून थांबू नका. पुढचे म्हणा, येत नसेल तर शोधून पाठ करा. मैना गावावर राहिलीच आहे. तिच्या शाहिराला तरी अर्ध्या वाटेवर ठेवू नका.