प्याला त्याचा, गाणे तिचे

सणासुदीच्या अंकात दारूची गोष्ट कशाला, असे एखादी वाचक भगिनी विचारील. तिने थोडा धीर धरावा. अखेरीस गोष्ट तिच्याच बाजूची निघणार आहे.

मद्यपानाची गाणी म्हटली की आयर्लंडचे नाव निघते. १८४५ साली तेथे बटाट्याचे पीक कुजले आणि मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. परक्या मुलुखात त्यांना गुत्ता आणि गुत्त्यातले गाणे यांनी एकत्र आणले. एकाने कडवे म्हणावे, साऱ्यांनी ध्रुपद उचलावे, अशी त्यांची रीत. त्यांतले 'वाइल्ड रोव्हर' हे जुने गाणे १९६०नंतर डब्लिनर्स या गायकमंडळीने घरोघर पोचविले. त्याची कथा मोठी नमुनेदार आहे. व्हिस्कीत पैसा उधळलेला एक भटक्या गुत्त्यात येतो. मालकीण उधारी नाकारते. त्याने खिशातून नाणी काढताच तिची भाषा मऊ होते. मग तो ठरवितो की, आता पुरे. घरी जाऊन आईबापांची क्षमा मागायची. म्हणजे ही चक्क सोडण्याची शपथ! आणि ती लोक पेला समोर ठेवून, टाळ्या पिटीत गातात!

मौज खरी. पण या गाण्यात बायको नाही, विझलेली चूल नाही, भुकेले मूल नाही. म्हणूनच ते इतक्या मोकळ्या गळ्याने गाता येते.

कोळीवाड्यांतली शिमग्याची नि हळदीची गाणी सोडली, तर आपल्याकडे असे ध्रुपद सहसा ऐकू येत नाही. आपली माणसे पीत नव्हती म्हणून? तसे कोण म्हणेल! आमच्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात फारसी शिकविणाऱ्या माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत तीनदा आणला : १९२९ साली 'उमर खय्यामकृत रुबाया', १९३१ साली 'द्राक्षकन्या' आणि निधनानंतर १९४० साली 'मधुलहरी'. पण ती मदिरा दिव्याखाली एकट्याने वाचण्याची. १९३९ साली हंस पिक्चर्सने अत्र्यांच्या कथेवर 'ब्रँडीची बाटली' हा बोलपट काढला. तेथे बाटली हसण्यापुरती.

खरे उत्तर 'एकच प्याला'त आहे. गडकरी जानेवारी १९१९मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. त्यात पिणाऱ्यांचे आर्य मदिरा मंडळ आहे. समूहगीताला याहून सोयीची जागा कोणती? तरी ते मंडळ लक्षात राहते ते तळीरामाच्या कोट्यांसाठी. त्या इतक्या फर्मास की भाषेने पुढे हरेक दारुड्याला तळीराम हेच नाव बहाल केले. लोकांच्या ओठांवर राहिली ती मात्र सिंधूची पदे. विठ्ठल सीताराम गुर्जरांनी ती रचली, बालगंधर्वांनी गायिली. पिणाऱ्याला विनोद मिळाला. सूर मिळाला तो त्याची किंमत मोजणारीला.

सिंधूचे सोसणे आज अति वाटते, हे मान्य केले पाहिजे. इतकी गोड पदे देणाऱ्या नाटकाने तिला संतापाचे एखादे पद दिले असते, तर सुधाकराचे पाप अधिक उघडे पडले असते. गोडव्याखाली ते थोडे झाकले जाते. पण गाणे कोणाच्या तोंडी द्यायचे, या प्रश्नाचा या नाटकाने केलेला निवाडा मला आजही बिनतोड वाटतो. जात्यावरच्या ओवीतून सासर-माहेरचे दुःख सांगणाऱ्या बायकांच्या भाषेत दुसरा निवाडा शोभलाही नसता.

आयरिश गाण्याने परदेशी माणसाला सोबत दिली, ते त्याचे पुण्य. आपल्या पदांनी मागे राहिलेलीला आवाज दिला. या दिवाळीत फराळानंतर बैठक जमली, तर सिंधूचे एखादे पद अवश्य म्हणा. मात्र ते म्हणताना सिंधू कोणत्या घरात उभी होती, तेवढे ध्यानात असू द्या.