तारुण्य आणि मृत्यू : ‘गुरुचरित्रा’तील एक आख्यान

भीमा-अमरजेच्या संगमामुळे पावन झालेल्या गाणगापुरात ‘गुरुचरित्रा’ची पारायणे अखंड चालतात. बिदर-कलबुर्गीकडील मराठी घरांत हा ग्रंथ सोवळ्यानेच हाती घेतात. त्यामुळे त्याची पूजा होते, परंतु काव्य म्हणून त्याची परीक्षा क्वचितच होते. कानडी मातृभाषेच्या सरस्वती गंगाधरांनी मराठीत रचलेल्या या ग्रंथातील ३० ते ३२ या अध्यायांचे आख्यान तशा परीक्षेस सर्वथा पात्र आहे.

माहूरच्या एका गृहस्थाचा तरुण पुत्र क्षयाने खंगतो. तो जेवील तितकेच त्याची पत्नी जेवते. तो घेईल ते औषध आपणही घेते. गुरुदर्शनाच्या आशेने ती दोघे गाणगापुरास येतात, आणि तेथे पोचताच पती प्राण सोडतो. विलाप करणाऱ्या त्या तरुणीस एक योगी देहाचे अनित्यत्व समजावतो आणि सहगमन व वैधव्य असे दोन मार्ग तिच्यापुढे ठेवतो. ती सहगमन स्वीकारते.

कवीची मर्मदृष्टी येथेच प्रत्ययास येते. ‘देह नाशवंत आहे’ हे वचन तरुण मनास ऐकू येते, पण पटत नाही. स्वतःच्या मरणाची कल्पना तारुण्यास करवत नाही. मृत्यू त्यास भेटतो तो प्रिय माणसाच्या रूपाने. म्हणूनच ही तरुणी चितेस भीत नाही. भिते ती पुढे उरलेल्या दीर्घ आयुष्यास. नचिकेत्याने यमालाच मृत्यूचे रहस्य विचारले; हिला विचारण्याची उसंतही मिळत नाही.

परंतु या सामर्थ्याबरोबर दोषही सांगितला पाहिजे. ही निर्भयता ज्ञानातून उपजलेली नाही, तरी आख्यान तिलाच धर्म मानून गौरविते. वैधव्याचे आचार इतके कठोर वर्णिले आहेत की, निवड केवळ नावापुरती राहते. कंपनीच्या मुलखात १८२९ साली सतीची चाल कायद्याने बंद झाली; आजच्या वाचकास हे अध्याय निमूटपणे मान्य करता येणार नाहीत, आणि येऊही नयेत.

अखेरीस दर्शनास आलेल्या त्या तरुणीस श्रीगुरू सौभाग्याचा आशीर्वाद देतात व मृत पती उठून बसतो. उपदेश करणारा योगी म्हणजे श्रीगुरूच होते, हेही पुढे उघड होते. ज्या मुखाने सहगमनाचा मार्ग सांगितला, त्याच मुखाने ती दोघे जगावीत असा वर दिला! भाविकांस हा चमत्कार वाटेल. रसिकास त्यात कवीच्या करुणेने त्याच्याच उपदेशावर केलेली मात दिसेल. पारायण करणाऱ्याने फलश्रुतीकडे वळण्यापूर्वी या स्थळी क्षणभर थांबावे, आणि घरातील तरुण मुलांशी मरणाविषयी बोलताना हे स्थळ आठवावे.