चिनी उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वाचन-आकलनाची चाचणी : एक चिकित्सा

सारांश

चीनमधील राष्ट्रीय महाविद्यालय प्रवेश परीक्षेत, म्हणजे 'गाओकाओ'मध्ये, इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत वाचन-आकलनाला सर्वाधिक गुण आहेत. शालेय अध्यापनात बदल घडवून आणण्याचे साधन म्हणून या परीक्षेच्या इंग्रजी विषयाची पुनर्रचना १९८० च्या दशकात झाली. प्रस्तुत लेखात या परीक्षेतील वाचनविभागाची रचना, त्यामागील 'वाचन' ही संकल्पना आणि गुणांचा अर्थ यांची चिकित्सा केली आहे. विद्यार्थ्यांची निवड करणे आणि अध्यापन सुधारणे ही दोन कार्ये एकाच प्रश्नपत्रिकेकडे सोपविल्यास निवडीचे कार्य दुसऱ्यावर मात करते आणि वाचनाची व्याख्याच संकुचित होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वाचन-आकलन, सप्रमाणता, विश्वसनीयता, बहुपर्यायी प्रश्न, गाओकाओ.

१. प्रस्तावना

परभाषेतील वाचनाची चाचणी घेणे हे वरवर सोपे वाटणारे काम आहे. एक उतारा द्यावा, त्याखाली प्रश्न द्यावेत आणि उत्तरे तपासावीत, एवढेच त्याचे स्वरूप दिसते. परंतु वाचन ही डोळ्यांआड घडणारी क्रिया आहे. परीक्षकाच्या हाती येते ते वाचन नव्हे, तर वाचनानंतर विद्यार्थ्याने केलेली एखादी कृती : पर्यायावर केलेली खूण, भरलेली रिकामी जागा किंवा लिहिलेले वाक्य. या कृतीवरून वाचनाविषयी अनुमान काढावे लागते. ते अनुमान कितपत योग्य आहे, हा सप्रमाणतेचा प्रश्न होय. जिथे या अनुमानावर विद्यार्थ्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते, तिथे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. चीन हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. २०२४ मध्ये गाओकाओसाठी सुमारे १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

गाओकाओ १९५२ मध्ये सुरू झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ पासून, ती बंद होती. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा घेण्यात आली, तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यांपैकी २ लाख ७० हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. परकीय भाषेचे गुण आरंभी अंशतः धरले जात. १९८३ पासून ते पूर्णपणे धरले जाऊ लागले आणि इंग्रजी हा निर्णायक विषय ठरला.

त्या काळातील इंग्रजीचे अध्यापन व्याकरण, भाषांतर आणि पाठांतर यांभोवती फिरत होते. ते भाषेच्या प्रत्यक्ष वापराकडे वळावे या हेतूने ग्वांगडोंग प्रांतात १९८५ मध्ये प्रमाणित इंग्रजी परीक्षेचा प्रयोग सुरू झाला. परीक्षा बदलली की वर्ग बदलेल, ही त्यामागील श्रद्धा होती. या प्रयोगाशी निगडित असलेल्या ली श्याओज्यू यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या लेखात भाषाचाचणीचे सामर्थ्य किती असू शकते, हाच प्रश्न उपस्थित केला होता. परीक्षेच्या अध्यापनावरील अशा परिणामाला भाषाचाचणीच्या क्षेत्रात 'वॉशबॅक' म्हणतात. येथे आपण त्याला 'प्रतिपरिणाम' म्हणू.

३. वाचनविभागाचे स्वरूप

अनेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीला १५० गुण आहेत. त्यांपैकी ३० श्रवणाला, ५० वाचनाला, ३० भाषावापराला आणि ४० लेखनाला दिलेले आहेत. वेळ १२० मिनिटांचा असतो. वाचनविभागात चार उतारे आणि त्यांवर प्रत्येकी चार पर्यायांचे १५ प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण आहेत. पाचव्या उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि दिलेल्या सात वाक्यांतून योग्य ती पाच निवडून जागी बसवायची असतात. पहिला उतारा बहुधा जाहिरात किंवा माहितीपत्रकासारखा व्यावहारिक असतो. पुढील उताऱ्यांत कथन, माहितीपर लेखन आणि विवेचन येते.

प्रश्नांचे प्रकारही ठरलेले आहेत : तपशील शोधणे, मध्यवर्ती कल्पना सांगणे, संदर्भावरून शब्दार्थ ओळखणे, अनुमान काढणे, उताऱ्याची रचना समजणे आणि लेखकाचा हेतू वा भूमिका ओळखणे. कागदावर ही यादी निर्दोष आहे. वाचनाविषयीच्या कोणत्याही प्रमाणग्रंथात आकलनाचे याच प्रकारचे वर्गीकरण आढळेल. मुख्य मुद्दा असा की, ही यादी प्रश्नकर्त्याच्या हेतूचे वर्णन करते. विद्यार्थी उत्तरापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला, याची ग्वाही ती देत नाही.

४. गुण कशाचे?

सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये सप्रमाणतेला असलेले दोन धोके सांगितले. चाचणी ज्या क्षमतेचे मापन करू पाहते तिचा काही भाग चाचणीतून सुटतो, हा पहिला. त्या क्षमतेशी संबंध नसलेल्या गोष्टी गुणांत शिरतात, हा दुसरा. चिनी वाचनचाचणीत हे दोन्ही धोके दिसतात.

प्रथम दुसऱ्या धोक्याचा विचार करू. चार पर्यायांच्या १५ प्रश्नांत केवळ अंदाजाने सरासरी ३.७५ उत्तरे बरोबर येतात, म्हणजे ३७.५ पैकी सुमारे ९.४ गुण मिळतात. प्रत्येक प्रश्नातील दोन पर्याय बाद करता आले, तर अंदाजाचे सरासरी फळ १८.७५ गुणांपर्यंत जाते. पर्याय बाद करण्यासाठी उताऱ्याचे आकलन लागतेच असे नाही. समजा, शहरातील वृक्षलागवडीविषयी एक उतारा आहे आणि लेखकाची भूमिका विचारली आहे. पर्याय आहेत : 'उदासीन', 'संतप्त', 'सावधपणे आशावादी' आणि 'उपहासात्मक'. ज्या विषयाबद्दल लेखक उदासीन आहे त्यावर तो उतारा लिहिणार नाही, आणि शालेय परीक्षेसाठी संतप्त वा उपहासात्मक लेखन सहसा निवडले जाणार नाही, एवढे तारतम्य असलेला विद्यार्थी उतारा न वाचताही योग्य पर्यायावर बोट ठेवील. तपशिलाच्या प्रश्नांबाबत वेगळे तंत्र शिकविले जाते. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधावा, त्या वाक्यातील शब्दांचे समानार्थी शब्द ज्या पर्यायात असतील तो निवडावा. अशा वेळी विद्यार्थी उतारा वाचत नाही, तर त्यात शोध घेतो. शोध घेणे हेही एक वाचनकौशल्य आहे, हे मान्य करावे लागेल. पण ते एकच कौशल्य आहे.

पहिला धोका अधिक गंभीर आहे. काही शे शब्दांचे तुटक उतारे काही मिनिटांत संपवावे लागतात. दीर्घ मजकूर वाचताना लागणारी स्मरणाची साखळी, दोन लेखकांच्या मतांची तुलना, न समजलेल्या भागाकडे परत जाणे, वाचलेल्याशी असहमत होणे, यांपैकी कशालाही येथे वाव नाही. प्रत्येक प्रश्नाचे एकच उत्तर बरोबर असावे लागते. त्यामुळे ज्या ठिकाणी दोन सुज्ञ वाचकांचे मत भिन्न होऊ शकते, ते ठिकाण प्रश्नकर्ता टाळतो. साहित्याच्या अध्यापकाला नेमकी तीच ठिकाणे मोलाची वाटतात.

५. वाचनाची अडचण की भाषेची?

जे. चार्ल्स अल्डरसन यांनी १९८४ मध्ये विचारलेला प्रश्न येथे उपयुक्त ठरतो : परभाषेतील वाचन ही वाचनाची समस्या आहे की भाषेची? चिनी विद्यार्थ्यांच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष धार येते. २००९ च्या आंतरराष्ट्रीय 'पिसा' सर्वेक्षणात शांघायच्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांनी वाचनात ५५६ सरासरी गुण मिळवून प्रथम स्थान पटकावले. ती चाचणी चिनी भाषेतील होती. शांघाय म्हणजे संपूर्ण चीन नव्हे, हे खरे. तरीही मातृभाषेत उत्तम वाचणारा विद्यार्थी इंग्रजी उताऱ्यापुढे अडखळत असेल, तर त्याला अनुमान काढता येत नाही असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

अडथळा पुष्कळदा वाक्यरचनेत असतो. चिनी भाषेत नामाचे वर्णन करणारे उपवाक्य नामाच्या आधी येते. 'वो त्सुओथ्यान माय द शू' या शब्दसमूहाचा क्रम आहे : मी, काल, घेणे, संबंधदर्शक 'द', पुस्तक. मराठीतील 'मी काल घेतलेले पुस्तक' ही रचना जवळजवळ याच क्रमाने जाते. इंग्रजीत पुस्तक आधी येते आणि त्याचे वर्णन मागाहून. नामामागे अशी दोन-तीन उपवाक्ये लागली, की कर्ता आणि क्रियापद यांत अंतर पडते आणि वाक्याचा धागा सुटतो. चिनी शाळांत 'लांब व कठीण वाक्यांचे' विश्लेषण हा स्वतंत्र सराव असतो, त्याचे कारण हेच. त्यात शब्दसंग्रहाचा भार मिळतो. गाओकाओसाठी सुमारे ३५०० शब्दांची यादी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली जाते. अनुमानाच्या प्रश्नाचे उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याला अनुमान जमले नाही, वाक्य उलगडले नाही, की शब्दच ठाऊक नव्हता, हे गुणपत्रिकेतून कळत नाही. अध्यापकाला मात्र हेच कळणे आवश्यक असते. निदान करू न शकणारी चाचणी उपचार सुचवू शकत नाही.

६. निवड आणि सुधारणा यांतील विरोध

परीक्षा बदलल्याने अध्यापन बदलले काय? छी लूश्या यांनी २००५ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत प्रश्नकर्ते, निरीक्षक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या भूमिका तपासल्या. अपेक्षित प्रतिपरिणाम फारसा साधला नाही आणि वर्गात भाषिक ज्ञान व परीक्षेचा सराव यांनाच प्राधान्य राहिले, असे त्यांना आढळले. परीक्षेचे निवडीचे कार्य आणि अध्यापन सुधारण्याचे कार्य परस्परांना छेद देतात, हे त्यांचे निदान आहे.

हे निदान मान्य करताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बहुपर्यायी प्रश्नांना चिनी समाजात असलेला आधार केवळ प्रशासकीय सोयीचा नाही. दूरच्या खेड्यातील मुलीची उत्तरपत्रिका आणि महानगरातील अधिकाऱ्याच्या मुलाची उत्तरपत्रिका यंत्र एकाच मापाने मोजते, ही भावना त्यामागे आहे. परीक्षकाची मर्जी, ओळख आणि हस्ताक्षराचा प्रभाव यांपासून मिळणारे हे संरक्षण क्षुल्लक नाही. एका गुणाने हजारो क्रमांक खाली-वर होतात, तिथे विश्वसनीयतेला न्यायाचे मोल येते.

२०१८ च्या झेजियांगमधील घटनेने हे स्पष्ट केले. त्या प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते. नोव्हेंबरची प्रश्नपत्रिका अधिक कठीण ठरल्याचे दिसताच दोन परीक्षांत समतोल राखण्यासाठी वाचन आणि भाषावापर या विभागांतील काही प्रश्नांचे गुण भारांकनाने वाढविण्यात आले. निकालानंतर पालकांत मोठा असंतोष उसळला. प्रांतिक शासनाच्या चौकशीत हा निर्णय गंभीर चूक ठरला, भारांकन रद्द होऊन मूळ गुण पुन्हा लागू झाले आणि संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. काठिण्यपातळीतील फरक समायोजित करण्याची कल्पना मापनशास्त्राला नवी नाही. परंतु ती उत्तरपत्रिका हाती आल्यानंतर, पूर्वसूचनेविना आणि निवडक प्रश्नांपुरती लागू झाली. वाचनाच्या गुणांना समाजात नाण्याचे मूल्य आले की त्या नाण्याचे वजन मागाहून बदलणे कोणीच सहन करीत नाही, हा या घटनेचा धडा होय.

७. नवे प्रयोग

दोष दूर करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. झेजियांगमध्ये २०१६ पासून आणि पुढे अन्य प्रांतांतही एक प्रश्नप्रकार आला. त्यात अपुरी कथा वाचून, दिलेल्या दोन प्रारंभिक वाक्यांपासून ती सुमारे १५० शब्दांत पुढे न्यायची असते. कथेतील पात्रे, काल आणि सूर समजल्याशिवाय हे जमत नाही. येथे वाचन पुन्हा अर्थाशी जोडले जाते. मात्र गुण लेखनाला मिळत असल्याने समजलेले परंतु लिहिता न येणारे विद्यार्थी मागे पडतात, आणि भावनावर्णनाची तयार वाक्ये पाठ करण्याची प्रथाही रुजली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनच्या इंग्रजी भाषाक्षमता मानकांत नऊ पातळ्या असून वाचक प्रत्यक्षात काय करू शकतो याची वर्णने आहेत. निदानासाठी ती उपयोगी आहेत. परंतु जोवर प्रवेश केवळ एकूण गुणांवर ठरतो, तोवर विद्यार्थी आणि शिक्षक यांचे लक्ष या वर्णनांकडे वळणे कठीण आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, गाओकाओचे वाचनगुण विद्यार्थ्यांचा क्रम लावण्यास पुरेसे असतील, परंतु ते वाचनक्षमतेचे वर्णन नव्हे. दुसरा, या मर्यादेचा दोष शिक्षक वा विद्यार्थी यांच्यावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण दिलेल्या व्यवस्थेत त्यांनी शहाणपणाचाच मार्ग निवडलेला आहे. तिसरा, निदानात्मक चाचणी निवडीपासून वेगळी ठेवली पाहिजे. ती शाळेत, गुणांच्या भीतीविना आणि आवश्यक तेथे मातृभाषेत उत्तर देण्याची मुभा ठेवून घेता येईल. इंग्रजी उतारा समजला आहे काय, हे जाणून घेण्यासाठी उत्तर इंग्रजीतच असण्याची आवश्यकता नाही.

हा विषय आपल्याला परका नाही. महाराष्ट्राने २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी आणले आणि चीनने २००१ मध्ये तिसरीपासून ते आणण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून घेतल्या जाणाऱ्या सामायिक परीक्षेत भाषेची चाचणी बहुपर्यायी उताऱ्यांवर आधारलेली आहे. चीनने चार दशके चाललेली वाट आपल्यासमोर आता उघडत आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात भरघोस गुण घेऊन आलेला विद्यार्थी संदर्भग्रंथाचे एक प्रकरण सलग वाचू शकत नाही, तेव्हा अध्यापक त्याच्या आळसाला बोल लावतो. त्यापूर्वी त्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा : या विद्यार्थ्याकडून सलग वाचनाची अपेक्षा आजवर कोणत्या परीक्षेने केली होती?