पिठाचे पंजे: न पाहिलेल्या सिनेमावर काय लिहायचं?

संशोधनासाठी विषय शोधताना 'हरवलेला चित्रपट' फार मोहात पाडतो. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. 'राजा हरिश्चंद्र' (1913) मुंबईत केल्यावर दादासाहेब फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि इथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला. त्याच्याच खेळाला जोडून 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी मूकपट दाखवला गेला. आज तो हरवलेला आहे.

नाव वाचलं की डोक्यात लगेच गोष्ट सुरू होते. जातं, पीठ, भिंतीवर उमटलेले हात. थांबा! ही गोष्ट फाळक्यांची नाही, तुमची आहे. तिच्यावर विनोदाची समीक्षा रचू नका.

दुसरा मोह जरा हुशार दिसतो: 'विनोदी चित्रपटांना कोणी किंमत दिली नाही, म्हणून तो जपला गेला नाही.' वाक्य छान आहे, पण प्रयोगशाळेत विचारतो तेच इथे विचारा: कंट्रोल कुठेय? त्याच खेळातला पौराणिक 'मोहिनी भस्मासुर'ही हरवलाय. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या, तरीही. 'राजा हरिश्चंद्र'ची फक्त पहिली आणि शेवटची रिळं उरलीत, आणि तीसुद्धा 1917 च्या नव्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (1931), तोही गेला. विनोदी, पौराणिक, मुका, बोलका, सगळेच जात असतील तर दोष एकट्या विनोदावर कसा टाकणार?

माझा संशय आधी रसायनावर जातो. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती कुजताना नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्याशी मिळून आम्ल बनतं आणि ते आम्ल कुजणं आणखी वाढवतं. शिवाय ती भडकन पेटते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं 1964 मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी.

मग विषय सोडायचा का? अजिबात नाही, फक्त प्रश्न बदला. पौराणिक कथेसोबत चेष्टेचा तुकडा एकाच खेळात का लावला असेल? जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती यावर काहीतरी सांगू शकतील, आणि त्यासाठी रीळ लागत नाही. फाळक्यांना नुसतं 'पौराणिकपटवाले' म्हणणंही तपासायला हवं. 'आगकाड्यांची मौज' त्यांचीच. जादूच्या चित्रपटात स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' होणारा माणूस आहे हा.