वाकळेवरचे नाव

लोककला अनामिक असते आणि ही अनामिकता हेच तिचे सौंदर्य होय, असे एक मत आपल्या समीक्षेत रूढ झाले आहे. मीही ते अनेकदा हिरिरीने मांडले आहे. गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या कळसला बहिणीकडे गेलो, आणि त्या मतावरचा माझा विश्वास उडाला. निमित्त झाले एका वाकळेचे.

वाकळ बहिणीच्या सासूबाईंनी शिवलेली. जुनी लुगडी आणि धोतरे यांचे थर, आणि त्यांवर कडेपासून मध्याकडे सरकत गेलेला धावदोरा. या टाक्यांतून नक्षी वेगळी काढून दाखवता येत नाही. थर धरून ठेवणारा टाका तोच तिचा अलंकार. आशय आणि अभिव्यक्ती यांची अशी एकरूपता आपल्या पुष्कळशा कवितेतही सापडत नाही.

भाचीने या वाकळेला नावाची छापील पट्टी लावायचे मनावर घेतले होते. पांढरे सुती कापड धुऊन त्याची खळ काढायची, चिकट पाठीच्या जाड कागदावर ते इस्त्रीने बसवायचे, कागदाच्या मापाने कापायचे आणि घरच्या प्रिंटरमधून काढायचे, अशी तिची रीत. पहिली पट्टी पाण्यात बुडवताच अक्षरे पसरली. विरघळणाऱ्या रंगाची शाई कापडावर टिकत नाही; रंगकणांची शाई धाग्याला धरून राहते. शाई बदलली आणि प्रश्न सुटला. खरा प्रश्न मजकुराचा होता.

तिच्या मसुद्यात होते, 'आजीच्या मायेची ऊब'. माझ्यातला समीक्षक जागा झाला. म्हटले, "अगं, हे कुठल्याही वाकळेला चालेल; म्हणूनच ते या वाकळेचे नाही. आजीचे नाव लिही."

"कुठले नाव, मामा?"

मी गप्प झालो. लग्नात आजीचे नाव बदलले होते, आणि माहेरचे नाव त्या घरात एकालाही सांगता येईना. मग दोन दिवस चौकशी चालली, तेव्हा माहेरच्या एका म्हाताऱ्या भावजयीला ते आठवले.

ज्या अनामिकतेचा आम्ही गौरव करतो, ती त्या बाईने निवडली होती काय? तिचे नाव तर आधीच काढून घेतलेले होते. आम्ही त्या हिरावण्याला सौंदर्यशास्त्र म्हटले. आणि हे म्हणणारे आम्ही सारे लेखाखाली आपले नाव न चुकता छापतो!

संधी मिळाली तेव्हा बायकांनी नाव लपवलेले नाही. बंगालच्या मानदासुंदरी दासीने एकोणिसाव्या शतकात वडिलांसाठी कांथा शिवला, तो आज गुरुसदय दत्तांच्या संग्रहात आहे. त्यावर तिने आपले नाव दोऱ्यानेच भरले. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. त्यामुळे ओवीचे लोकपण उणावले नाही. उलट एकच भाव दोन गावांतल्या दोघीजणी कसा वेगळा वळवतात, हे तपासता येऊ लागले. नाव ही टीकेची पहिली सामग्री आहे.

पट्टीमुळे वाकळ बाजारातली वस्तू होईल, असा आक्षेप येईल. 'मायेची ऊब' छापले तर तसे होईलही, कारण ती दुकानदाराची भाषा. नाव आणि गाव ही साक्षीची भाषा आहे.

भाचीने शेवटी छापले ते असे: आजीची दोन्ही नावे, कळस, आणि थरांत कोणाकोणाची लुगडी आहेत ते. साल कोणालाच नक्की सांगता येईना, तेव्हा तिने ते लिहिले नाही. पट्टी पाठच्या कोपऱ्यावर तिने हातानेच शिवली, धावदोऱ्याने. टाके आजीच्या टाक्यांहून लांब पडले आहेत. ते मी तिला सांगितले नाही. आजीने सांगितले असते.